पोच

बालाघाटाच्या कडेच्या एका तालुक्यात मागच्या उन्हाळ्यात घडलेली एवढीशी गोष्ट आहे. एप्रिल संपत आला होता. साखर कारखान्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या आणि गावात बायकांच्या हाताला काम नव्हतं. ग्रामपंचायत रोजगार हमीचे अर्ज घेईना, म्हणून डाव्या संघटनेतली चार पोरं-पोरी ४३ बायकांचे अर्ज घेऊन थेट तहसीलवर गेली. एरवी अशा वेळी पुढं असणारे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून घरी होते. पोरांनी काही कमी केलं नाही. निवेदन मुद्देसूद होतं, घोषणा दणक्यात झाल्या, साहेबांनी स्वतःच्या हातानं गठ्ठा घेतला, फोटो निघाले. संध्याकाळी काकांचा फोन आला. निवेदन लिहिणाऱ्या पोरीला त्यांनी एकच विचारलं, "पोच घेतली का, बाई?" पलीकडून आवाज नाही. साहेबांनीच कागद घेतल्यावर पोच कशाची? तीन आठवड्यांनी चौकशी केली, तेव्हा कचेरीत सांगितलं की असे अर्ज आलेलेच नाहीत. कामाची मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायदा म्हणतो. पण ते १५ दिवस मोजायचे कुठून? मागणीची तारीख सांगणारा कागदच हातात नव्हता. काका हळहळले आणि म्हणाले, "लेकरं गुणाची हायेत. पण अजून पोच न्हाई."

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मराठीत हा शब्द दोन्हीकडं चालतो. कागद पोचल्याची खूण ती पोच, आणि माणसाला असलेली समजही पोच. काकांच्या तोंडून दुसरा अर्थ आला, पण पोरांना नव्हता तो पहिला. तो का नव्हता? वीसेक वर्षं प्रत्येक मोर्चानंतर निवेदनाची दुसरी प्रत काढून आवक-जावकच्या टेबलावर जायचं, शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा आणि घडी घालून पिशवीत टाकायची, हे काका करत आले. बाकीचे तोवर बाहेर लिंबाखाली घोषणा देत असत किंवा चहाला गेलेले असत. आत कोण आहे, कुठल्या खिडकीला जायचं, कारकून म्हणाला "ठेवा इथं, बघतो" तर काय बोलायचं, हे कुणी पाहिलंच नाही. काकांनीही लपवलं नव्हतं. सवयीच्या कामाला शिकवण्यासारखं काही असतं असं माणसाला वाटतच नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला पाणी किती घालायचं विचारा, ती म्हणेल, पिठाला लागेल तेवढं.

म्हणून पोच घ्यायची कशी, ते इथं सविस्तर लिहितो. निवेदनाच्या दोन प्रती हव्यात, तिसरी असली तर बरं. सोबत जोडलेल्या कागदांची यादी निवेदनाच्या शेवटी लिहायची: अर्ज ४३, एकूण पानं इतकी. प्रत्येक पानावर क्रमांक टाकायचा, म्हणजे मधलं पान गळालं तर कळतं. कामाची मागणी नमुना ४ वर असते. त्यात प्रत्येक बाईचं नाव, जॉबकार्ड क्रमांक आणि काम कुठल्या तारखेपासून हवं ते भरलेलं आहे का, हे आदल्या रात्री गावातच बघायचं, कचेरीच्या पायरीवर नाही. अंगठा असेल तिथं शेजारी नाव लिहायचं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोचायचं. साहेबांनी हातात कागद घेतला तरी "साहेब, आवकला नोंद करून घेतो" असं शांतपणे म्हणून खालच्या टेबलाकडं वळायचं. यात उद्धटपणा काही नाही, पण पहिल्यांदा ते म्हणताना जीभ अडते, कारण साहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. कुणी घ्यायलाच नकार दिला तर त्याच दिवशी पोस्टानं नोंद करून पाठवायचं आणि पोस्टाची पावती प्रतीला टाचायची. घरी आल्यावर पोचेचा फोटो गावातल्या दोघांना पाठवायचा आणि मूळ कागद फाईलला लावायचा. फाईल कुणाच्या घरी आहे ते वहीत लिहून ठेवायचं. एवढं शिकवायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास वीस वर्षांत सापडला नव्हता.

जुन्या माणसांना हे कुणी शिकवलं, असा प्रश्न साहजिकच येतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर एकच आहे: १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी गावोगाव खडी फोडायची, नालाबांधाची, पाझर तलावाची कामं निघाली आणि प्रत्येक कामावर हजेरी आणि मोजमाप समजणारं एक माणूस लागलं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे १०० घनफूट, एक ब्रास. हा हिशोब शाळेत न गेलेल्या माणसांनी टेपचं दुसरं टोक धरून शिकून घेतला. चौकडीच्या, म्हणजे मोजून खोदायच्या खड्ड्याच्या, मधोमध न खोदता राखलेला मातीचा खुंट पाडायचा नाही, कारण मूळची जमीन कुठवर होती त्याचा तोच पुरावा, हेही तिथंच कळलं. खुंट पडला की मापाला धनी उरत नाही. मजुरी कमी निघाली की ज्याला माप समजतं तो बोलायचा, आणि जो बोलायचा त्याच्यामागं शंभर माणसं उभी राहायची. माणसं इतकी लागत होती की कुणाला मागं ठेवणं परवडणारं नव्हतं. त्या आधीच्या पिढीचंही असंच झालं होतं. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत निजामाच्या वसतिगृहांतून आणि कॉलेजातून काढलेली पोरं थेट लढ्यातच वाढली, आणि त्यातली काही पुढं डावीकडं वळली.

आज कामं यंत्रानं होतात, टोळ्या निम्मं वर्ष परजिल्ह्यात असतात, हजेरी मोबाईलवर लागते. माणसं घडवणारी ती गर्दीची जागा उरली नाही, आणि कार्यकर्ते घडवायचं शिबिर आलं तिच्या जागी.

बीड जिल्ह्यानं १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि १९७७ साली गंगाधरअप्पा बुरांडे यांना, म्हणजे दोनदा कम्युनिस्टांना, लोकसभेवर पाठवलं, हे नव्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. कंधारपासून उस्मानाबादपर्यंत शेतकरी कामगार पक्षाचे भाई ज्या बाजारात उभे राहत तिथं ऐकायला माणूस मावत नसे. हे बळ ओसरण्याची कारणं मोठी आहेत: साखर कारखानदारीचं आणि शिक्षणसंस्थांचं राजकारण, जातीच्या आधारावर झालेली फेरमांडणी, पक्षांची फाटाफूट. त्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण तालुक्याच्या पातळीवर उतरलं की एक बारीक कारण परत परत दिसतं. गावाची ओळख संघटनेशी नसून एका माणसाशी असते. फोन नंबर त्याच्या डायरीत, कोर्टाच्या तारखा त्याच्या डोक्यात, पोचा त्याच्या पिशवीत. तो अंथरुणाला खिळला की तालुका अंथरुणाला खिळतो. माणूस गेल्यावर घरचे पिशवी माळ्यावर टाकतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तिला वाळवी लागते.

शिबिराबद्दल थोडं. मराठवाड्यात ऊसतोड आणि शेतमजूर यांच्यात काम असेल तर शिबिर मे महिन्यातच घ्यावं लागतं. दसरा झाला की टोळ्या निघतात, आणि जूनमध्ये पाऊस पडला की पेरणी. मग मेच्या उन्हात पत्र्याच्या मंगल कार्यालयात दुपारी भाषण ठेवून चालत नाही. सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, मधला वेळ झोपायला आणि आपसात बोलायला. माणसं पंचवीस ते तीस, त्याहून जास्त नकोत. चाळिसाच्या पुढं गेलं की ती सभा होते आणि मागच्या दोन ओळी मोबाईल बघतात. एक विषय चाळीस मिनिटं, मग पाच-सहा जणांचे गट, मग गटातल्या ज्यानं आजवर तोंड उघडलं नाही त्यानं येऊन सांगायचं. जेवणाचा शिधा गावोगाव मागून आणायचा, आणि तो नव्या पोरांनीच आणायचा. अनोळखी उंबऱ्यावर उभं राहून "शिबिर आहे, पायलीभर ज्वारी द्या" म्हणताना जे कळतं ते फळ्यावर कळत नाही: कुठलं घर आपलं आहे, कुठलं तोंडदेखलं, आणि कुठल्या घरात ज्वारीच नाही पण म्हातारी दोन कांदे आणि मूठभर मिरच्या पदरात टाकते. त्या ज्वारीच्या भाकरी आणि येसरची आमटी खाताना हे कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बायका का येत नाहीत, यावर दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी "जागृतीचा अभाव" असा निष्कर्ष लिहिला जातो. तो खोटा आहे. लेकरू सांभाळायला कुणी नाही, संडासाला कडी नाही, आणि संध्याकाळचं सत्र नऊला संपतं तेव्हा गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. लेकरांसाठी एक खोली आणि त्यांच्यावर नेमलेली दोन माणसं (त्यातला एक तरी पुरुष), आतून लागणारी कडी, आणि मुक्कामाची नाहीतर परतीच्या जीपची सोय, एवढं केलं तर आशा, अंगणवाडी आणि ऊसतोड बायका शिबिर संपेपर्यंत थांबतात. गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेसमोर सगळ्यात मोठ्या आवाजात कोण बसलंय ते बघितलं तर पुढारी कुठून येणार आहेत हे वेगळं सांगायला नको.

आता सिद्धांत. अनेकांना वाटतं की पोच, पावत्या, हजेरी हे शिकवलं की झालं, वरकड मूल्य (मजुराच्या श्रमातून निघतं पण त्याला मिळत नाही ते) वगैरे पुस्तकी. हे मला पटत नाही. ज्याला फक्त कचेरीचं कामकाज कळतं तो पाच वर्षांत कुठं पोचतो, ते प्रत्येक तहसीलच्या आवारात दिसतं. स्टॅम्पवाल्याच्या शेजारी त्याचं टेबल लागतं, अर्जाला पन्नास, दाखल्याला दोनशे. त्याच्याकडं कसब होतं. आपण कुणाच्या बाजूनं आहोत आणि का, हे कुणी त्याच्याशी बसून बोललं नाही. पण ते बोलायचं कसं? वरकड मूल्याची व्याख्या फळ्यावर लिहून तीस माणसं दहा मिनिटांत झोपवता येतात. त्यापेक्षा कोयत्यापासून सुरुवात करावी. कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं, पण हिशोबात एक. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन धरू. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, एक लाख घेतली असेल तर फिटायला १३७ दिवस. त्यात पाऊस, आजारपण, गाडी न आल्याचे खाडे धरा. हे गणित टोळीतल्या पोरीनंच फळ्यावर करायचं. हंगाम किती दिवसांचा असतो ते तिला कुणी सांगावं लागत नाही. खडू थांबतो तिथं खोलीत एकदम शांतता होते.

इथं एक चूक फार होते. शिकवणारा जोशात येतो, टनाला शंभर किलो साखर धरून बाजारभावानं गुणतो, त्यातून तोडणीचे ३६६ वजा करतो आणि म्हणतो, बाकीचं सगळं लुटलं. तेवढ्यात मागून ऊस लावणाऱ्याचा पोरगा उठतो आणि विचारतो, आमच्या उसाचं काय? २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, टनाला ३४०० रुपये ठरली होती, ती कुठं धरली? शिकवणारा गडबडतो आणि सगळं शिबिर हातचं जातं. हिशोब अर्धवट मांडायचाच नाही. उसाचे पैसे धरावेत, मळी, बगॅस (उसाचा चोथा), इथेनॉलही धरावं, आणि मग खरा मुद्दा काढावा. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो. म्हणजे तोडणाऱ्याचा दर वाढला की तो आपल्या खिशातून गेला असं शेतकऱ्याला वाटतं, आणि दोघं एकमेकांकडं रागानं बघत राहतात. डोंगरपट्ट्यातल्या कोयत्याच्या नावावरही दोन एकर कोरडवाहू असते, तोही शेतकरीच. मग दराची मागणी करताना शेतकऱ्याला सोबत कसं घ्यायचं? या प्रश्नावर गट दीड तास भांडतात. तसं भांडण लागलं तर शिबिर चांगलं झालं असं मी धरतो, मग वेळापत्रक कितीही कोलमडो.

शिबिरातून परतल्यावर काय होतं यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पोरगं पेटून येतं, आठ दिवस पुढाऱ्यांना फोन करतं, "सांगतो" असं ऐकतं आणि थंड होतं. म्हणून परतायच्या आधीच प्रत्येकाच्या नावापुढं एक काम आणि एक तारीख लागते. काम लहान हवं, पण पूर्ण त्याचं हवं. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे पहिलं काम म्हणून चांगलं: कोण हजर, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. चर्चेचं वर्णन नको. पुढची बैठक तेच वाचून सुरू करायची. मग इतिवृत्त लिहिणारं, एरवी कधीच न बोलणारं पोरगंसुद्धा "हे तुम्ही करणार होता" असं ज्येष्ठाला सगळ्यांसमोर वाचून दाखवतं. दुसरं काम पावतीपुस्तक. क्रमांक ओळीनं, कार्बन घालून, चुकलेली पावती फाडायची नाही, रद्द लिहून तिथंच ठेवायची, पैसे दोघांनी मोजायचे आणि आठवड्याला जमा करायचे. ही शिस्त न लावल्यानं चांगली माणसं गेली आहेत. दोन-अडीचशे रुपयांचा मेळ लागत नाही, पोराला सांगायची लाज वाटते, तो बैठकीला यायचं टाळतो, आणि वर्षभरानं कुणीतरी म्हणतं, त्यानं पैसे खाल्ले. त्यानं खाल्ले नव्हते, त्याला आठवड्याला कुणी विचारलं नव्हतं. सभेतही पायऱ्या हव्यात: आधी ठराव वाचणं, मग सूत्रसंचालन, मग पाच मिनिटांचं भाषण (एक आकडा, एक मागणी, पुढचा कार्यक्रम), मग शिष्टमंडळात बोलणं. पोरींना आभार आणि गाणी यावरच वर्षानुवर्षं ठेवतात, तेवढं बंद करायला हवं.

पक्षांच्या घटनांत यासाठी जागा आहेच. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात दोन सभासदांच्या शिफारशीनं माणूस आधी उमेदवार सभासद होतो आणि एक वर्ष तसा राहतो. सचिवाला तीन पूर्ण कार्यकाळांची मर्यादा २०१२ पासून आहे, केंद्रीय समितीसाठी ७५ वयाची मर्यादा २०२२ मध्ये घातली गेली. पण शिफारस करणारे दोघं सही करून विसरतात. ते वर्ष त्या माणसाला शिकवण्यासाठी आहे. त्या दोघांनी महिन्यातून एकदा त्याच्याबरोबर एखाद्या कामाला जायचं: पहिल्यांदा त्यानं बघायचं, दुसऱ्यांदा दोघांनी मिळून, तिसऱ्यांदा त्यानं करायचं आणि आपण तोंड मिटून शेजारी बसायचं. ही तिसरी पायरी फार अवघड आहे. समोरचा अधिकारी प्रश्न विचारतो, पोरगं अडखळतं, सगळ्या माना ज्येष्ठाकडं वळतात, आणि ज्येष्ठाला उत्तर पाठ असतं. तिथं दहा सेकंद गप्प बसणं हे पंचवीस वर्षं बोलण्याची सवय असलेल्या माणसाला उपासासारखं जड जातं. चूक झाली तर ती कचेरीच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर काढायची नाही आणि महिनाभर साठवायचीही नाही. दोन-तीन दिवसांत, शाखेत, आणि आत्मटीकेची सुरुवात मोठ्यानं करायची.

काकांनी ती केली. पट्टी निघाल्यावर पहिल्या बैठकीत ते म्हणाले, "चूक माझी हाय. मी कधी दाखवलंच न्हाई." मग त्यांनी पिशवी आणली आणि सतरंजीवर उपडी केली. घड्यांवर तुटलेले कागद, फिकट झालेले जांभळे शिक्के, एका रबरात बांधलेल्या कुठल्याशा धरणग्रस्तांच्या याद्या. पोरांनी दोन रविवार बसून गावानुसार लावले, फोटो काढले, तीन फाईली केल्या. काका शेजारी बसून प्रत्येक कागदाची हकीकत सांगत होते आणि ती पोरगी लिहून घेत होती. काही कागदांची हकीकत त्यांनाही आठवली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पुन्हा भरले. या वेळी बायका ५१ झाल्या. काका सोबत गेले, पण आत गेले नाहीत, लिंबाखालच्या हॉटेलात बसून राहिले. आतून घोषणा ऐकू येत होत्या, मग थांबल्या. अर्धा तास झाला, पाऊण झाला. दोनदा ते उठले आणि दोनदा बसले. दुसऱ्यांदा उठले तेव्हा चहा सांडला. पोरगी बाहेर आली आणि तिनं प्रत त्यांच्या हातात दिली. नव्या डोळ्यानं त्यांनी ती लांब धरून बघितली. शिक्का होता, क्रमांक होता. तारखेवर मात्र पेनानं पुन्हा तारीख लिहून खाली कारकुनाची दुसरी सही होती. "ही कशाला?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "शिक्क्यातली तारीख पुसट होती, काका. दोन महिन्यांनी वाचता आली नसती." हे त्यांनी कधीच केलं नव्हतं. सवयीनं त्यांचा हात कागदाची घडी घालायला गेला, मग थांबला, आणि त्यांनी कागद तसाच तिला परत दिला. तिनं तो फाईलीत लावला, बाकड्यावर बसलेल्या बायकांना तारीख मोठ्यानं वाचून दाखवली, आणि त्यांच्यातल्या एकीनं बोटांच्या पेरांवर पंधरा दिवस मोजायला घेतले.